तीनदा नवी झालेली टॉर्टिया मशीन

मी एक जुनी टॉर्टिया दाबायची मशीन आहे. कंपनीच्या माणसासमोर मात्र हे बोलायची सोय नाही, कारण त्याच्या कागदावर मी तीन वेळा नवी झाले आहे. दोन गोल तापणाऱ्या पाट्या आणि वर एक लांब दांडा, एवढाच माझा संसार. पिठाचा गोळा ठेवा, दांडा ओढा, पोळीसारखी पातळ गोल टॉर्टिया तयार. तिच्यात भात, बीन्स, साल्सा म्हणजे टोमॅटोची तिखट चटणी भरून गुंडाळलं की झाला बरिटो. गिऱ्हाईक काचेपलीकडून बोट दाखवतं, हे घाल, ते नको. मेक्सिको मी पाहिलेलं नाही. मला विकणाऱ्यानंही पाहिलेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ज्या कारागिरानं माझ्या पाट्या घासल्या, तो दिवसभर कुणाला ना कुणाला शिव्या देत असे. पण मध्ये कागद ठेवून दाबल्यावर सगळीकडे सारखा दाब येईपर्यंत त्यानं मला हातावेगळी केली नाही. माझ्यात जे काही धड आहे ते त्याचं.

माझे पहिले मालक दोन सख्खे भाऊ. बरिटोची दुकानं काढून देणाऱ्या कंपनीचं नाव, कंपनीची पाटी, कंपनीची मशीन, दुकान आणि पैसा मात्र भावांचा. हे कंपनीच्या ज्या माणसानं त्यांच्या गळ्यात मारलं त्याला मी गोडबोल्या म्हणते. आपल्या पोळीवर तूप ओढताना समोरच्याला वाटावं की आपल्यालाच वाढतोय, अशी त्याची हातोटी. विक्रीतला वाटा कंपनी दर आठवड्याला आधी उचलायची. नंतर भावांच्या हाती काही उरतंय की नाही, ही कंपनीच्या लेखी भावांची घरगुती बाब. वर्षभरात ते एकमेकांशी भांडी घासणाऱ्या मावशींमार्फत बोलू लागले. “त्यांना सांगा, गॅस संपलाय,” असं एक म्हणे, आणि दुसरा हातभर अंतरावर उभा असे. मावशी दोघांकडे पाहून कपाळाला हात लावत. चौदाव्या महिन्यात कुलूप लागलं. मला घासली, रंगवली, अंगावर नव्या नंबरची पट्टी ठोकली. झाले मी नवी.

दुसरे मालक कवायतीचे निवृत्त मास्तर. डावखुरे. सकाळी आल्या आल्या आधी मला पुसत आणि म्हणत, “चला बाईसाहेब, हजेरी लावा.” माझं कौतुक केलेला हा एकच माणूस. गर्दीच्या दिवशी तीनशे टॉर्टिया आम्ही दोघांनी काढल्या आहेत. त्यांच्या अंगठ्यानं माझ्या रबरी मुठीत चांगला खड्डा पाडला होता.

दुकान भरलेलं असे. तरी मास्तर वाळत चालले होते. समोरच्या बाजारात कांदा निम्म्या दरात मिळायचा, पण कांदासुद्धा कंपनीच्याच गाडीतून घ्यायचा असा करार. एकदा मास्तरांनी समोरून दोन पोती आणली. आठवड्यात नोटीस आली, मागोमाग दंड. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शाळेचा खडू घरी नेला नाही, त्याला कंपनीनं पत्रात चोर म्हटलं. निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी त्या दुकानात घातला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या पाट्या धुतल्या, चिकटू नयेत म्हणून मध्ये धुतलेलं फडकं ठेवलं आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसत निघून गेले.

मग आठ महिने गोदाम. माझ्या पाट्यांमध्ये उंदरांनी बाळंतपणं उरकली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उंदरांनी निदान करारावर सह्या मागितल्या नाहीत. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. मला गोडबोल्याच्या ऑफिसातल्या नमुना स्वयंपाकघरात उभी केली आणि तिसरं गिऱ्हाईक आलं.

एक नवराबायको. बाईंनी एकोणीस वर्षं एका कारखान्याची कँटीन चालवली होती. आता ती विकून, तो पैसा इथे लावायचा असं घाटत होतं. घाटत होतं म्हणजे यजमानांच्या मनात. त्यांनी ‘संचालक’ लिहिलेली कार्डं आधीच छापून घेतली होती आणि येताना खिशात आणलीही होती. कँटीन बाईंच्या नावावर, म्हणून सही बाईंची लागणार होती. नाहीतर त्यांना कुणी आणलंही नसतं.

गोडबोल्या यजमानांना चकचकीत आलेख दाखवत होता. बाई आलेखाकडे ढुंकूनही न पाहता माझ्यापाशी आल्या. त्यांच्या कँटीनमध्ये एक नियम होता, तो त्या माझ्याकडे बघत पुटपुटल्या: एकीचं लाटणं दुसरीनं घ्यायचं नाही. हात लाकडाला वळण लावतो, आणि परक्या वळणावर आपला हात दुखतो. बाईंनी माझी मूठ धरली. सोडली. पुन्हा धरली, या वेळी डाव्या हातानं.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

गोडबोल्या हसून म्हणाला, नवीकोरी आहे मॅडम, फक्त दाखवायला ठेवलीय.

“दाखवायच्या मशीनला अंगठ्याचा खड्डा पडत नाही. वर्षभर कुणीतरी डावखुरा हिच्यावर राबलाय. कुठाय तो?”

गोडबोल्यानं घरगुती अडचण, तब्येत, असं काहीतरी पुटपुटत सात दुकानदारांचे नंबर पुढे केले. खुशाल विचारा म्हणाला. बाईंनी कागद पाहिलाही नाही. ही तर चालणारी दुकानं, त्या म्हणाल्या. मला बंद पडलेल्यांचे नंबर हवेत. ते गोपनीय असतात, असं उत्तर आलं. मग कांदा, तेल, कागदी वाट्या कुणाकडून घ्यायच्या, भाव कोण ठरवणार, नफा नसेल त्या आठवड्यात वाटा द्यायचा की नाही, असं त्या एकेक विचारत गेल्या, आणि गोडबोल्याच्या तोंडची साखर विरघळत गेली.

यजमान तापले. चारचौघांत शोभा करायची हौसच आहे हिला, असं ते भिंतीकडे बघत म्हणाले. मग बायकोकडे वळले.

“एकोणीस वर्षं लोक मला ‘कँटीनवाल्या बाईंचे मिस्टर’ म्हणतायत. तुला काय कळणार त्यातलं? एकदा, मरायच्या आधी एकदा मला मालक होऊ दे की.”

मला वाटलं, बाई आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. माझ्या मुठीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“अहो, मालक व्हा ना. मी कधी नको म्हटलं? पण इथं कांदा कुठला घ्यायचा ते हे सांगणार, भाव हे लावणार, पाटीवर नाव ह्यांचं. ह्याला नोकर म्हणतात. आणि नोकराला पगार तरी मिळतो. इथं तो आपणच भरायचाय.”

यजमानांनी खिशातली कार्डं चाचपली. मग पहिल्यांदाच त्यांनी गोडबोल्याला स्वतःहून प्रश्न विचारला. “बंद किती पडली?”

गोडबोल्या म्हणाला, असं नकारात्मक बघून धंदा होत नसतो साहेब.

“आकडा विचारलाय मी.”

गोडबोल्यानं पुन्हा आलेखच पुढे सरकवला. यजमानांनी बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. दारात त्या त्यांना म्हणाल्या, कँटीनच्या पाटीवर तुमचं नाव उद्याच घालू, रंगाऱ्याला फोन करा. त्यावर ते म्हणाले, तुझ्या नावाखाली नको, शेजारी. भांडत भांडतच ते जिना उतरले. अक्षरं केवढी असावीत, यावर.

त्यांची पाठ वळताच गोडबोल्या ‘अडाणी बाई’ म्हणाला. तासाभरात त्यानं मेकॅनिक बोलावून माझी मूठ कापून काढली आणि नवी बसवली. मास्तरांचा अंगठा कचऱ्याच्या डब्यात गेला. आता मला कितीही चाचपा, काही कळायचं नाही.

मित्रांनो, मला जपा, तेलपाणी करा असं मी सांगणार नाही. मला खुशाल भंगारात घाला. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणीतरी गुळगुळीत कागद तुमच्यापुढे सरकवेल, तेव्हा चालणाऱ्या दुकानांची यादी बाजूला ठेवा आणि बंद पडलेल्या दुकानाचा पत्ता मागा. तिथं जा. जो माणूस दार उघडेल त्याच्याशी अदबीनं बोला. तो फार दिवस कुणाशी बोललेला नसेल.

चार वाजले. एक तरुण जोडपं आलंय. मुलगी माझ्या नव्या मुठीवरून हात फिरवत म्हणतेय, “किती छान आहे ना!” गोडबोल्या पेनाचं टोपण काढतोय. मला तोंड नाही. तिला आहे. ती विचारील का, एवढंच बघत मी उभी आहे.