पोस्टमनकाकांच्या चालीची मशीन

मित्रांनो, मी गवत कापायची एक जुनी मशीन आहे. मला ढकलावं लागत नाही. दांड्यावरची पट्टी दाबून धरली की मी आपली आपण पुढे चालू लागते. हात सुटला की थांबते. माझ्यात वेग मात्र एकच, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

कारखान्यातून मी दुकानात आले आणि तिथे एक जोडपं मला बघायला आलं. काका निवृत्त पोस्टमन, उंच, लांब टांगा टाकणारे. घरामागची हिरवळ चढावर होती आणि जुनी मशीन ढकलून त्यांची कंबर धरायची. दुकानदाराने आधी वेग कमी-जास्त करता येणारी मशीन दाखवली.

"हळू चालणारी घेऊन काय मुंग्या मोजत जाऊ?" म्हणत काकांनी ती बाजूला सारली. मला घेऊन दुकानासमोर एक फेरी मारली आणि खूश झाले.

दुकानदार काकूंना म्हणाला, "तुम्हीही जरा धरून बघा."

काकू हसल्या. "मला काय करायचंय? चालवणार तर हेच!"

पुढची वर्षं माझ्या सुखाची. आम्ही तो चढ असा झपाझप पार करायचो की शेजारी कुंपणापाशी येऊन बघत राहायचे. काम झालं की काका माझ्या पोटाखालचं ओलं गवत खरवडायचे, पातं पुसायचे. मी अगदी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

मग एका हिवाळ्यात काका गेले. गवत मात्र वाढतच राहिलं. ते घोट्यापर्यंत आलं तेव्हा काकूंनी मला बाहेर काढलं. दोरी ओढून ओढून त्या मेटाकुटीला आल्या, तेव्हा कुठे मी सुरू झाले. पट्टी दाबताच मी काकांच्या चालीने निघाले. मला दुसरी चाल येतच नाही! काकू मागून फरफटत, जवळजवळ पळत आल्या. शेवटी हात सुटला. त्या चढावरच खाली बसल्या.

"यांच्याबरोबर जन्मभर अशीच पळत आले मी," त्या मला म्हणाल्या. "जरा हळू चला, एवढं एकदा म्हणायचं राहूनच गेलं." आणि त्या खूप रडल्या.

पुढे त्यांची मुलगी त्यांना दुकानात घेऊन गेली. या वेळी काकूंनी स्वतः धरून, चालवून एक छोटी मशीन निवडली. ती त्यांच्या पावलांनी चालते. मी शेडच्या कोपऱ्यातून तिचा आवाज ऐकते आणि मला फार एकटं वाटतं.

मागे मुलीच्या ऑफिसातला एक उंच गृहस्थ मला विकत घ्यायला आला होता. त्याने दांडा धरला तेव्हा वाटलं, चला, सुटले! पण काकू घाईने पुढे झाल्या. "नाही हो, ही नाही द्यायची. यांचा हात लागलाय तिला."

मित्रांनो, यंत्र घेताना घरात जे जे ते चालवतील त्यांना आधी चार पावलं चालून बघू द्या. आणि आठवण म्हणून जपलंत, तरी त्याच्याकडून काम करून घ्या. काकू अधूनमधून येतात, मऊ फडक्याने माझा दांडा पुसतात आणि पट्टी दाबून बराच वेळ उभ्या राहतात. माझ्या टाकीत पेट्रोल नसतं, त्यामुळे आम्ही दोघी कुठेच जात नाही.