नेमेसिसचा आवाज

स्वप्नाने घरातले तिन्ही एसी बंद केले, फ्रीजचा प्लग काढला आणि फोन घेऊन कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसलं. सौदीतल्या यान्बूची जुलैतली दुपार, पाच मिनिटांत घराची भट्टी होणार हे ठरलेलंच. पण टांगलेल्या साड्यांमध्ये आवाज घुमत नाही.

पुण्यातला एक स्टुडिओ ग्रीक देवदेवतांची कार्टून मालिका मराठीत आणत होता. त्यांना नेमेसिस हवी होती. माजलेल्याला जमिनीवर आणणारी, ज्याचं माप त्याच्या पदरात घालणारी देवी. तिची दोन वाक्यं रेकॉर्ड करून आज दोनच्या आत पाठवायची होती. लग्नाआधी स्वप्ना नाशिकला रेडिओवर बालनाट्यं करायची. इथे आल्यापासूनच्या बारा वर्षांत तो आवाज जेवायला हाका मारण्यापुरताच उरला होता. हे काम तिला हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं.

"मला सगळं ठाऊक आहे! तुझं माप घेऊन मी आले आहे!" ती कपाटातून कडाडली.

"आई, यू साउंड लाइक अवर पीटी टीचर," अवनी म्हणाली. अकरा वर्षांची ही लेक ती मालिका इंग्रजीत कोळून प्यायली होती.

पलंगावर तिचा नवरा हर्षवर्धन बनियनवर बसून वहीने वारा घेत होता. रिफायनरीतल्या इंजिनियरसाहेबांची शुक्रवारची सुट्टी अशी घामात चालली होती.

"मस्त झालंय की. यल्ला, चल, पाठव आणि एसी लाव."

मस्त झालं नव्हतं, हे स्वप्नाला कळत होतं. अकरा वेळा ओरडून घसा बसला. दीड वाजून गेला. तिला रडूच यायला लागलं.

"पण ती शाउट नाही करत गं," अवनी जवळ येऊन म्हणाली. "तिला ऑलरेडी माहीत असतं ना सगळं. मग कशाला ओरडेल?"

स्वप्नाने पदराने तोंड पुसलं. या वेळी कपाटात न शिरता ती स्टुलावर बसली, आणि मीठ मागावं इतक्या हळू म्हणाली,

"मला सगळं ठाऊक आहे. तुझं माप घेऊन मी आले आहे."

वहीचा वारा थांबला.

"भाजणी कस्टमवाल्याने नव्हती काढून घेतली गं," हर्षवर्धन म्हणाला. "मीच मुंबईला विमानतळावर कुणाला तरी देऊन टाकली. माझे क्रिकेटचे पॅड बसेनात बॅगेत."

आईने भाजून दिलेली दोन किलो भाजणी! आठ महिने स्वप्ना त्या बिचाऱ्या कस्टमवाल्याच्या नावाने बोटं मोडत होती आणि हा शेजारी बसून माना डोलवत होता. तिला चिडायचं होतं, पण हसूच आधी फुटलं. अवनी तर जमिनीवर लोळायला लागली.

"बाबांचं कट करते हं," लोळता लोळताच तिने फोन ओढला.

"राहू दे. आवाज लागू पडतो, हे स्टुडिओवाल्यांनाही कळू दे."

दोनला दहा मिनिटं असताना रेकॉर्डिंग पुण्याला गेलं. उत्तर चहाच्या वेळी आलं. अवनीने अडखळत, अक्षरं लावत ते मोठ्याने वाचलं.

"नेमेसिस मिळाली, मॅडम. अभिनंदन! शेवटी बोलले ते गृहस्थ कोण? गर्विष्ठ राजासाठी आम्हाला अजून कुणी सापडलेलं नाही. सव्वीस भाग आहेत. प्रत्येक भागात तुम्ही त्याला शिक्षा करायची आहे."