डाव्या हाताची शिवण

व्हर्डा प्रुइटने आपल्या भाच्याला बजावलं होतं, की माळ्यावरची ती ट्रंक उघडू नकोस, आहे तशी जाळून टाक. वेंडेलने ती उघडली नाही हे खरं, पण जाळलीही नाही. एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी त्याने ती गाडीत टाकली आणि मीडव्हिलला, कोरिन स्लाव्हिकच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात आणून ठेवली. साल होतं १९९४. त्याचा बाप आमोस फेब्रुवारीत वारला होता आणि शेतावरच्या घरात आता एकटी व्हर्डाआत्या उरली होती.

"चांगली वस्तू जाळायला माझा हात होत नाही हो, स्लाव्हिकबाई," तो म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांचा, शाळेची बस चालवणारा, अंगाने आडवा माणूस. "आईचे कपडे असावेत. मी सहा वर्षांचा असताना ती गेली."

"वारली?"

"पळून गेली. शिवणाची मशीनं विकणाऱ्या एका माणसाबरोबर, त्रेपन्न साली. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुमच्याच कानावर कसं नाही?"

"माझ्या तोंडात कायम टाचण्या असतात, गप्पा कुठल्या," कोरिन म्हणाली आणि तिने ट्रंकेची कडी काढली.

डांबरगोळ्यांचा वास दुकानभर झाला. कोरिनने वरचा निळा झगा उचलला आणि सवयीने आधी त्याची चेन बघितली. तिची आई सव्वीस वर्षं गावातल्या चेनच्या कारखान्यात दात बसवायच्या यंत्रावर होती. लहानपणी कोरिनच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसे. कुठल्या साली पितळ होतं, लढाईत ते कसं मिळेनासं झालं, ॲल्युमिनियम कधी आलं, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. त्याच्याच जोरावर पिट्सबर्गचे संग्राहक तिच्याकडे येत.

"हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा," ती म्हणाली. "चेन बघा, काखेखाली कुशीत आहे, धातूची. आणि आतल्या कडा नागमोडी कात्रीने कापल्यात, कारखान्यातल्यासारखं यंत्राचं ओव्हरलॉक नाही. घरी शिवलाय, पण हात काय सुरेख आहे!" तिने घेराची दुमड बोटावर ताणली. हातशिलाईचे टाके उलट्या बाजूला कलले होते. "आई डावखुरी होती का तुमची?"

वेंडेलचा चेहरा एकदम उजळला. "होती! काकू सांगायची मला. तुम्हाला कसं कळलं?"

"टाके उलटे पडतात डावखुऱ्यांचे. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन गाठी घातल्यात. एकीने भागलं असतं, पण बाईला भरवसा नव्हता."

झगे एकामागून एक निघाले. सगळे पन्नासच्या आगेमागचे. मग तळाशी चादरीत गुंडाळलेला गठ्ठा लागला. त्यात मुलग्यांची जॅकेटं होती, पुढून चेन असलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेली. कोरिनने मोजली. बारा.

"ही तुमची?"

"नाही बुवा. मी कॉरीला काकांकडे वाढलो. चुलतभावाची उतरलेली घालायचो. ही मी बघितलीसुद्धा नाहीत कधी."

ती कोणीच घातलेली नव्हती. कापडाची खळ तशीच होती, कोपराला चुणी नव्हती, खिशांवरचे कच्चे टाके उसवलेले नव्हते. पहिल्या तीन-चार जॅकेटांच्या चेनी कुठल्यातरी जुन्या कपड्यातून काढून लावलेल्या होत्या, त्यांच्या पट्ट्यांवर आधीच्या सुईची भोकं दिसत होती. पुढच्यांना ॲल्युमिनियम होतं. दहाव्या जॅकेटाशी मात्र कोरिन थांबली. तिने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

चेनला धातूचे दात नव्हतेच. नायलॉनचं बारीक वेटोळं होतं.

अशी पहिली चेन आईने साठ साली घरी आणून टेबलावर टाकली होती. "बघा," ती म्हणाली होती, "आता आमच्या दातांची गरज संपली." घरी शिवणाऱ्या बायकांच्या हाती ती पडायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. म्हणजे हे जॅकेट त्रेसष्टच्या आधीचं असणं शक्य नव्हतं. कोरिनने अस्तर उलटलं. टाके उलटे कललेले होते. सुरुवातीला दोन गाठी होत्या.

पळून गेलेल्या बाईची शिवण, पळाल्यानंतर दहा वर्षांची, त्याच घराच्या माळ्यावर.

क्षणभर तिच्या मनात आलं, की ट्रंक बंद करावी, झग्यांचे पैसे द्यावेत आणि याला वाटेला लावावं. चाळीस वर्षांत या माणसाने आपल्या मनाची एक घडी बसवली होती, ती विस्कटणारी आपण कोण? पण तिने टेप उचलली होती आणि एकदा उचलल्यावर माप घेतल्याशिवाय तिला राहवेना. चौथ्या जॅकेटापासून पुढे डावी बाही उजवीपेक्षा आखूड होती. आधी पाव इंच, मग अर्धा, शेवटी जवळजवळ एक इंच.

"वेंडेल, हात पुढे करा बघू. दोन्ही."

त्याने हात पुढे केले. तिला टेप लावायची गरज पडली नाही.

"नवव्या वर्षी झाडावरून पडलो, कोपर मोडला," तो म्हणाला. "तो हात पुरता वाढलाच नाही. का?"

"तुमच्या हाताचं माप कोण घ्यायचं?"

"आत्या. दर वाढदिवसाला कॉरीला यायची. दाराशी उभं करून टेपने सगळं मापायची, उंची, छाती, हात. आम्ही हसायचो तिला. म्हणायची, 'प्रुइटांचं रक्त कसं वाढतंय ते बघते.'" बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. तो टेबलावरच्या ओळीकडे बघत राहिला. "स्लाव्हिकबाई, हे कुणी शिवलंय?"

तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि चेनबद्दल आणि टाक्यांबद्दल सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. शेवटी त्याने बारावं जॅकेट उचललं. त्याची एक बाही नुसती टाचलेली होती, दुसरी नव्हतीच, आणि अस्तरात गंजलेली सुई तशीच अडकलेली होती.

"चला," तो म्हणाला. गाडीची किल्ली मात्र त्याने कोरिनच्या हातात दिली.

व्हर्डा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. बहात्तरीची, ताठ पाठीची बाई. भाच्याच्या हातावरची जॅकेटं तिने बघितली आणि सुरी खाली ठेवली.

"जाळायला सांगितलं होतं ना तुला?"

"आई कुठे आहे, आत्या?"

"या कोण?"

"आई कुठे आहे?"

व्हर्डाने कोरिनकडे पाहिलं. "तुम्ही त्या कपडेवाल्या. तुमची आई कारखान्यात होती. चौकसपणा रक्तातच आहे तुमच्या." मग तिने बटाट्यांचं भांडं बाजूला सरकवलं. "बस रे. उभ्याने ऐकवायचं नाही ते."

तो बसला नाही. तिने त्याला उभ्यानेच सांगितलं.

वेंडेलच्या आईचं, लिओनाचं, दुसरं मूल जन्मतःच गेलं आणि तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. एका जानेवारीत ती वेंडेलला हाताला धरून गोठलेल्या नदीवर चालत गेली. डॉक्टर म्हणाला, सरकारी वेड्यांच्या इस्पितळात पाठवा. आमोस म्हणाला, प्रुइटांच्या घरातलं माणूस तिथे जाणार नाही. त्याने मुलाला भावाकडे धाडलं, बायकोला वरच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि गावात पळून गेल्याचं सांगितलं. चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, असं तेव्हा आमोसला आणि व्हर्डालाही वाटलं होतं.

"मग?" वेंडेलने विचारलं.

"मग ती बरी झाली."

"कधी?"

"चोपन्न साली. उन्हाळ्यात." व्हर्डा हातातल्या बटाट्याच्या सालीकडे बघत होती. "अगदी पहिल्यासारखी. पण तोवर सगळ्या गावाने तिला त्या मशीनवाल्याबरोबर लावून दिली होती. आमोस म्हणायचा, आता ती खाली आली तर मला तुरुंगात घालतील. मी म्हटलं, तिला कापड तरी आणून देऊ. मशीन दिली. मापं आणून दिली. जॅकेटं तुझ्यापर्यंत पोचवते असं मी तिला सांगायचे."

"आणि पोचवली नाहीस."

"आमोसने पोचवू दिली नाहीत."

"मी दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला इथे जेवायला यायचो," वेंडेल म्हणाला. तो हळू बोलत होता, आणि त्याने कोरिनला जास्त भीती वाटली. "याच टेबलावर."

"त्या दिवशी तिने गप्प राहायचं, असं ठरलेलं होतं. राहायची बिचारी. तुला खिडकीतून बघायला मिळायचं ना, तेवढ्यासाठी."

कोरिनने विचारलं, "गेली कधी?"

"पासष्टच्या मार्चात. छाती भरली होती. डॉक्टर आणला असता तर वाचली असती, कोण जाणे. पण डॉक्टरला वर न्यायचं कसं?" तिने मागच्या दाराकडे मान केली. "कोंबड्यांच्या खुराड्यामागे. सफरचंदाची दोन झाडं आहेत, त्यांच्या मधोमध. मी प्रार्थना म्हटली होती."

कोरिनने भिंतीवरचा फोन उचलला आणि शेरीफच्या कचेरीचा नंबर फिरवला. व्हर्डाने तिला अडवलं नाही. तिने पुन्हा सुरी हातात घेतली आणि उरलेले बटाटे सोलायला लागली. वेंडेल जिना चढून वर गेला. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. आत लोखंडी पलंग होता, मशीन होती आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी होती, चौकटीत खिळे ठोकलेली. तो बराच वेळ खाली आला नाही. शेरीफची गाडी आल्यावरच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिओना सापडली. तिला गादीच्या जाड कापडात शिवून पुरलं होतं. कोरिनला कचेरीत जाऊन प्रत्येक जॅकेटाचा काळ लिहून द्यावा लागला. लिहिताना तिने तीन कागद फाडले. आमोस कायद्याच्या पलीकडे गेला होता. व्हर्डावर खटला उभा राहील का, यावर सरकारी वकिलांनी सहा महिने घालवले आणि शेवटी नाही म्हणाले.

लिओनाला मे महिन्यात कॉरीच्या दफनभूमीत नीट पुरलं. चाळीस वर्षं तिच्या नावाने जीभ चालवलेल्या बायका हातात जेवणाची झाकलेली भांडी घेऊन आल्या. वेंडेलने त्यांच्याकडून एकही भांडं घेतलं नाही.

व्हर्डा त्या घरात आणखी दोन वर्षं एकटी राहिली. तिच्याकडे कोणी जात नसे. वेंडेल मात्र दर शनिवारी गाडी घेऊन जायचा, पाव, अंडी, कॉफी, औषधं ओसरीवर ठेवायचा आणि दार न वाजवता निघून यायचा. ती पडद्याआड उभी असलेली त्याला दिसायची. कोरिनला हे कळलं तेव्हा तिला राहवलं नाही.

"कशाला जाता हो तिथे?" तिने विचारलं. "तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी कुठलं," तो म्हणाला. "घरात एकटं पडलेलं माणूस बाहेरच्यांनी विसरायचं, हे मला पुन्हा करायचं नाही."