मंगळावरचा साहेब

"खाली सोड, अजून खाली," आनंदराव ओरडला, तसा आंब्याच्या फांदीवर बसलेल्या तेजरामनं हातातली तंगुसाची दोरी सैल केली आणि दोन पराती जोडून केलेली उडती तबकडी डुलत डुलत रुखमाबाईच्या अंगणात उतरली.

शाळेत मास्तर असलेल्या आनंदरावानं हा सिनेमा मोठ्या हौसेनं मांडला होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून कॅमेरा मागून आणलेला, तो संध्याकाळच्या मोटारीनं पवनीला परत जायचा होता. गोष्ट अशी, की मंगळावरचा साहेब येतो आणि म्हणतो, तुमच्या वैनगंगेवर धरण बांधतो, तुम्ही आमच्याकडे राहायला चला. इथला साहेब दाखवला असता तर गाव चळचळा कापलं असतं. मंगळावरच्याला हसायला कोणाच्या बापाचं काय जातं? धरणाच्या नोटिसा आल्यापासून गावात कोणी धड हसलं नव्हतं. आणि रुखमाबाई, त्याची म्हातारी आत्या, तिनं तर तो विषयच टाकला होता. कोणी काढला, की उठून आत जायची. म्हणून तर शेवटचा प्रवेश त्यानं तिला दिला. साहेबाला खराट्यानं हाकलायचं आणि म्हणायचं, मी नाही जात. एकदा तरी ते तिच्या तोंडून निघावं, एवढीच त्याची तळमळ होती.

डोक्यावर पालथा घातलेला, डोळ्यांपुरती भोकं पाडलेला जर्मनचा गंज, अंगभर सिगरेटच्या पाकिटातली चांदी, हातात पत्र्याची पेटी, असा साहेब झालेला चिंधू अंगणात शिरला.

"चाल, म्हातारे. मंगळावर तुले प्लॉट भेटन. पाणी मागून येईन."

कुडाबाहेर जमलेले लोक खो खो हसले. रुखमाबाईनं खराटा उचलला, पण तो हातातच राहिला. ती पेटीकडे बघत होती.

"लय लांबून आला तू," ती म्हणाली. "पेटी घेऊन."

चिंधूनं हे काही पाठ केलं नव्हतं. गंजाच्या भोकांतून तो आनंदरावाकडे बघू लागला.

"तुयं बी गाव बुडालं का, बापा?"

हसू जागच्या जागी थांबलं. आनंदरावानं 'कट' म्हटलं नाही, कॅमेरा चालूच ठेवला.

रुखमाबाईनं खराटा भिंतीला टेकवला आणि ओसरीवरची धूळ हातानं झाडून जागा केली.

"बस इथं. भात होऊन राहिला. चार दिवस राह आमच्यात," ती म्हणाली. "मंग आपुन संगंच निघू."