क्वालिटी दहा

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या आखाडा बाळापूरला ठाऊक हाय. मेन रोडवर माझं ऑनलाइन सेंटर हाय. झेरॉक्स, फॉर्म, फोटो, सगळं करतो. पण लोकांना माझं एकच काम दिसतं. आले की मोबाईल पुढं करतात, "विजूभाऊ, एवढा फोटो केबीत बसवून द्या." मी म्हणतो, "आधी तुमी बसा, मग फोटो बसवतो." हसतात लेकाचे, आन् पुन्हा मोबाईल पुढं.

ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगतो. मोबाईलमधला फोटो असतो तीन-चार एमबीचा. साइटला पाहिजे पन्नास केबी, म्हणजे साठ-ऐंशीपट लहान. मग माझ्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटीची एक पट्टी असती, शून्यापासून शंभरपर्यंत. तिच्यावरची गोटी खाली सरकवली की फाइल हलकी होती. फोटो जरा खराब होतो, जवळून बघितलं तर बारीक चौकटी दिसतात, पण बघतो कोण?

चार वर्षांमागं हट्टा गावच्या एका पोरीचा नर्सिंगचा फॉर्म माझ्या हातून परत आला. फोटो बावन्न केबीचा झालता, दोन केबी जास्त. तवर तारीख निघून गेली. तिच्या बापानं भर दुकानात माझी आई-बहीण काढली, आन् मला तोंड वर करता येईना. त्या दिवशी मी गोटी दहावर नेली आन् तिथंच ठेवली. साइट पन्नास मागो न्हाईतर पाचशे, माझ्याकडून जाणार ते पंधरा-वीस केबीच. परत यायचा सवालच न्हाई. लोक म्हणायला लागले, विजूभाऊचा फॉर्म कधी रिजेक्ट होत न्हाई. मला बी बरं वाटायचं, खोटं काहून बोलू.

मागच्या डिसेंबराच्या अखेरीला तांड्यावरची धुरपताबाई आली. तिचं पोरगं मोहनसिंग, एकतीस वर्षांचं. त्याला फेफरं यायचं, म्हणून लग्न जमलं न्हाई. घरात मायलेक दोघंच. दिवाळीनंतर ते टोळीबराबर ऊस तोडायला कर्नाटकात गेलतं. एका संध्याकाळी कालव्यावर अंघोळीला म्हणून गेलं, ते परत आलंच न्हाई. टोळीवाल्यांनी दोन दिवस धुंडलं. इकडं ठाण्यात तक्रार झाली, तिथं कोणीतरी तिला म्हणलं, हरवलेल्या माणसांची साइट हाय, तिच्यावर बी फोटो टाका, म्हणजे तिकडच्या पोलिसांना दिसंल.

म्हातारीनं पदरात गुंडाळलेला फोटो काढला. भावकीतल्या लग्नात काढलेला, पोस्टकार्डाएवढा, चांगला चकचकीत. पोरगं हसून राहिलतं. डाव्या गालावर, कानाच्या खाली, भाजल्याचा डाग होता. रुपयाएवढा, वळकट्या पडलेला.

"हे लिहा, भाऊ," ती डागावर बोट ठेवून म्हणली. "लहान होतं तवा फेफरं आलं आन् चुलीत पडलं."

त्या दिवशी स्कॉलरशिपची शेवटची तारीख होती. दुकानात पोरांची ही गर्दी, साइट गोल गोल फिरून राहिलती, माझ्या डोक्याला नुसता ताप. मी म्हणलं, "मावशी, फोटोत दिसून राहिला की डाग! दिसतं ते अजून लिहायचं काहून?"

तिला पटलं. शिकलेला माणूस सांगतो म्हणल्यावर तिला पटायचंच. पण 'ओळखीची खूण' हा रकाना रिकामा सोडला तर साइट पुढं जाऊ देईना. मी त्यात 'काही नाही' असं टाकलं आन् पुढं गेलो. फोटो स्कॅन केला, सॉफ्टवेअरमधून काढला. क्वालिटी दहा. सतरा केबी. चढवला. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं की फोटो पाचशे केबीपर्यंत चालंल. ते मी वाचलं न्हाई. म्हातारीकडं मोबाईल न्हाई, म्हणून नंबर माझाच टाकला. सगळ्यांचा तसाच टाकतो, ओटीपी येतो ना.

"सापडंल का हो?" तिनं इचारलं.

"सापडंल की, मावशी. फोटो गेला आता, काय काळजी करता," मी म्हणलं आन् पुढच्या पोराचं आधार कार्ड घेतलं.

तवापासून दर बाजाराच्या दिवशी ती यायची. भाजी घ्यायच्या आधी माझ्या दुकानात. एका बाजूला बसायची, गर्दी सरंपर्यंत थांबायची आन् इचारायची, "आलं का काई?" मी बघायचो. 'तपास सुरू आहे.' तेच सांगायचो. खरं सांगतो, दोनदा तर साइट न उघडताच सांगितलं. एकदा तर वसकन अंगावर गेलो, "आलं तर मी सांगंल ना, मावशी! रोज रोज काय?" ती म्हणली, "रोज कुठं भाऊ, आठवड्यानं येते."

फेब्रुवारीच्या अखेरीला ती आली तवा दुकानात कोणी न्हवतं. बसली, पाणी पिली, आन् म्हणली, "आमच्या तांड्यातला प्रेमदास म्हणतो, मेलेल्या माणसांची बी यादी असती. जेंची ओळख लागली न्हाई त्यांची. ती बी बघा एकदा. न्हाई त्यात, एवढं कळलं म्हणजे जिवाला बरं."

मी म्हणलं, चला, तेवढंच समाधान. साइट उघडली. तिकडचा जिल्हा टाकला, जानेवारी महिना टाकला. अकरा माणसं निघाली. एक एक करून बघत गेलो. म्हातारे, दाढीवाले, एक रेल्वेखालचा. सातवा उघडला आन् माझा हात माउसवरच थांबला.

इंग्रजीत लिहिलं होतं. पुरुष, वय अंदाजे तीस. सात जानेवारीला कालव्याच्या कडेला सापडला, संक्रांतीच्या आठ दिवस आधी. अंगावर फक्त चड्डी. ओळखीची खूण, डाव्या गालावर जुना भाजल्याचा डाग.

फोटो बघितला. फोटो कसला, बोटाच्या पेराएवढा. चेहरा सुजलेला, चिखल लागलेला, डोळे मिटलेले, आन् सगळ्या चौकटी चौकटी. ज्या गालावर डाग पाहिजे तिथं नुसता तपकिरी धब्बा. तिकडं बी कोणीतरी माझ्यासारखाच बसला असंल, गोटी खाली ओढून. बारा केबीचा फोटो होता.

"हे कोण हाय?" धुरपताबाई उठून पाठीमागं आली. तिला वाचता येत न्हाई, इंग्रजी तर सोडाच. पण मी थांबलो ते तिनं बघितलंच.

"मोठा करा," ती म्हणली.

मोठा केला. चौकटी मोठ्या झाल्या.

"साफ करा की, विजूभाऊ. तुमी तर समद्या गावाचे फोटो करता."

मला माहीत होतं काई व्हणार न्हाई. तरी मी तो फोटो उतरवून घेतला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला आन् गोटी दहावरून पार शंभरवर नेली. सेव्ह केला. फाइल सहापट मोठी झाली. तोंड तसंच राहिलं.

"आता शंभर केलं ना?" तिनं आकडा बघितला होता, नोटांवरचे आकडे तिला कळायचे.

"मावशी, ही पट्टी खाली न्यायचीच असती. एकदा खाली नेलं की त्यातलं गेलं ते गेलं. वर नेऊन परत येत न्हाई."

एवढ्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. कुणी इचारलंच न्हवतं. आन् हजारो लोकांचे फोटो मी असेच करून टाकलेत.

ती स्क्रीनपाशी वाकली. नाक काचेला लागंल एवढी जवळ. बोट लावून कान बघितला, मग केस, मग हनुवटी. कानावर बोट लई वेळ राहिलं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं आन् खाली दिलेल्या ठाण्याच्या नंबरावर फोन लावला.

तिकडं एक हवालदार होता. हिंदी मोडकीतोडकी, पण माणूस शांत. मी हिंगोली जिल्हा म्हणलं आन् मोहनसिंगचं नाव सांगितलं. त्यानं कुठलं तरी रजिस्टर उघडलं आन् म्हणला, "आप को मेसेज किया था ना साब. जवाब नहीं आया."

त्याचं म्हणणं एवढंच. मढं सापडलं तवा त्यांनी हरवलेल्यांची यादी तपासली. हिंगोलीकडचा एक फोटो मिळताजुळता वाटला. पण फोटो साफ न्हवता, गालावर काई दिसंना, आन् फॉर्मात लिहिलं होतं, खूण काही नाही. ह्याच्या गालावर तर एवढा मोठा डाग. म्हणून त्यांनी फॉर्मातल्या नंबरावर मेसेज केला, डाग हाय का, साफ फोटो पाठवा. सहा दिवस वाट बघितली. मग बेवारस म्हणून जाळलं.

"मोठा फोटो हाय का तुमच्याकडं?" मी हिंदीत इचारलं.

"वेबसाइट पे जो है, वही है," तो म्हणला.

फोन ठेवला आन् मोबाईलमधले जुने मेसेज काढले. नऊ जानेवारी. त्या दिवशी दोनशेच्या वर ओटीपी आलते. त्यांच्या मधोमध तो होता, इंग्रजीतला, न उघडलेला. 'क्लिअर फोटो पाठवा, गालावर भाजल्याची खूण आहे का, तातडीने कळवा.' म्हातारीचा तो चकचकीत फोटो तवा बी तिच्या पदरातच होता. पुन्हा स्कॅन करायला दोन मिनटं लागली असती.

"काय म्हणले?" धुरपताबाई म्हणली.

खोटं बोलायचं मनात आलं, न्हाई कसं येणार. न्हाई मावशी, हा आपला न्हाई, एवढं म्हणलं असतं तर सुटलो असतो. पण ती माझ्या तोंडाकडं अशी बघून राहिलती की जीभच वळंना. मी खुर्चीवरून उठलो, तिच्यासमोर खाली बसलो आन् सगळं सांगितलं. रकान्यात 'काही नाही' मी लिहिलं. फोटो मी खराब केला. मेसेज आला तो मी बघितला न्हाई. मोहनसिंग गेला, मावशी. ते लोक सहा दिवस आपल्या जवाबाची वाट बघत होते.

मला वाटलं, आता ती पायातली वहाण काढंल. काढावी असंच वाटत होतं मला. भर बाजारात मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती पुन्हा स्क्रीनकडं वळली. बराच वेळ बघितलं. मग म्हणली, "ह्याच्या गालावर डाग कुठं हाय?"

"मावशी, फोटोत दिसंना. पण खाली लिहिलंय ना, हे बघा, इथं."

"लिहिल्यालं मला काय सांगता? तुमी बी लिहिलं होतं, काई न्हाई म्हणून." ती चिडून बोलली न्हाई, समजावून सांगितल्यासारखं बोलली. "तुमीच म्हणले होते, फोटोत दिसतं ते लिहायचं काहून. मग फोटोतच बघा की. ह्याला डाग न्हाई. माझ्या पोराला डाग हाय. हे दुसऱ्याचं लेकरू हाय, भाऊ. त्याच्या मायला बिचारीला ठाऊक बी नसंल."

"मावशी, कालव्यापाशी सापडला तो. वय बी तेवढंच—"

"कालव्याला काय एकच माणूस जातं?"

दाखवायला माझ्याकडं होतं काय? एक त्यांचा फोटो, त्यात डाग न्हाई. एक माझा फोटो, त्यात बी डाग न्हाई. जाळलं त्याची राख बी कुठं गेली असंल. आता जलमभर तिच्यासमोर बसून सांगितलं तरी तिला पटवायला माझ्याकडं काई न्हवतं, आन् हे मीच करून ठेवलं होतं. रडू आलं मला. पन्नाशीला आलेला माणूस, दुकानाचं शटर उघडं, आन् मी फरशीवर बसून रडलो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणली, "तुमी कशाला रडता? तो न्हाई ना तो."

मग तिनं पदरातला फोटो काढला आन् टेबलावर ठेवला.

"नवा फॉर्म भरा. आता समदं बराबर लिहा. डाग लिहा, चुलीत पडला ते बी लिहा. फोटो कमी करू नका."

मी उठलो, तोंड पुसलं, खुर्चीवर बसलो. काय करणार होतो? नवा फॉर्म उघडला. नाव, मोहनसिंग. तांडा, तालुका कळमनुरी. खूण, डाव्या गालावर कानाखाली भाजल्याचा डाग. फोटो जसा स्कॅन झाला तसाच चढवला, साइटनं मुकाट्यानं घेतला. ती पाठीमागं उभी राहून एकेक रकाना इचारून राहिलती, ह्यात काय लिहिलं, त्यात काय लिहिलं. वयाच्या रकान्यात मी एकतीस टाकलं.

"आता बत्तीस लिहा," ती म्हणली. "संक्रांतीचा जलम हाय त्याचा. ह्या संक्रांतीला बत्तीस पुरी झाली."

मी एकतीस खोडलं आन् बत्तीस लिहिलं.