कोपरातला काळा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. मला खांदा नाही, धड नाही आणि ज्याचा हात म्हणावं असा मालकही नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करू पाहणारी मुलं जिथं रक्त काढायला शिकतात, त्या वर्गाच्या खिडकीजवळ मी अकरा वर्षं टेबलावर उताणा पडून आहे.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी मोठा देखणा होतो. आतल्या रबरी नळ्या म्हणजे माझ्या शिरा, वर गुळगुळीत कातडी आणि नळ्यांना जोडलेल्या बाटलीत लाल पाणी. वर्गाच्या बाई पहिल्याच दिवशी मुलांना म्हणाल्या, "याला हवं तेवढं टोचा. हा बिचारा हूं की चूं करायचा नाही." मुलं हसली. मला ते कौतुकच वाटलं.

मग माझ्या अंगाची चाळण होऊ लागली. घामेजलेले हात, थरथरणारे हात, कुणालाही मी नाही म्हटलं नाही. पण सगळे एकाच जागी टोचत. कोपराच्या खळीत भोकं पडून पडून तिथं काळा ठिपका झाला. माझी कातडी दर वर्षी बदलायची असते. नवी कातडी आलीही होती; पण बाईंनी ती वर्गाच्या सरकारी तपासणीच्या दिवसासाठी कपाटात कुलूपबंद ठेवली. तपासणीला येणारे चहा पिऊन जात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

एका वर्षी एका शिंप्याची मुलगी शिकायला आली. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. दंडाला पट्टा बांधला, की ठिपक्यात सुई आणि लगेच लाल पाणी. ती एकदाही चुकली नाही. बाई तिची पाठ थोपटत आणि इतरांना म्हणत, "हिच्याकडून शिका जरा." ती शीर शोधतच नव्हती मित्रांनो, ठिपका शोधत होती. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठं आहे?

त्याच सुमारास तिचे वडील आजारी पडले. रुग्णालयात रोज कुणी ना कुणी त्यांचं रक्त काढून नेई. त्यांनी हट्टच धरला होता, पोरगी परीक्षा पास झाली की माझं रक्त तिनंच काढायचं. चिमणी परीक्षेत पहिली आली आणि उड्या मारतच रुग्णालयात गेली.

त्यानंतर तीन आठवडे ती दिसली नाही. आली तेव्हा वर्ग सुटला होता, बाई एकट्याच होत्या.

"बाई, बाबांच्या हातावर ठिपका नव्हता," ती म्हणाली.

बाईंना काही कळेना.

"चार वेळा टोचलं, शीर सापडेना. बाबा म्हणत होते, लागत नाही गं, कापड चाचपतो तसं बोटानं बघ सावकाश. मला चाचपताच येईना. कधी केलंच नव्हतं ना. शेवटी वॉर्डातल्या ताईंनी एका झटक्यात काढलं."

"अगं, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं असं."

"चौथ्या दिवशी बाबा गेले. आजारानं गेले, कळतं मला. पण हात काळानिळा झाला होता तो माझ्यामुळे. आणि शेजारच्या खाटेवरच्यांना तोच हात दाखवून सांगायचे, माझ्या पोरीनं काढलं रक्त."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. मग उठून कपाट उघडलं आणि नवी कातडी काढली. दोघींनी मिळून माझी जुनी कातडी सोलून टाकली. ठिपका केराच्या टोपलीत गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी शरमेनं मेलो. एवढी गुणी मुलगी, आणि तिला चुकीचं शिकवलं ते मीच.

मित्रांनो, उद्या तुम्हीही असं काही शिकायला जाल. माझ्यासारख्यांची कातडी वेळच्या वेळी बदला, कपाटात जपून ठेवू नका. आणि सुई उचलण्याआधी समोरचा हात नीट हातात घ्या.

चिमणीनं त्या दिवशी तेच केलं. डोळे मिटले, माझा तळवा डाव्या हातात धरला आणि उजव्या बोटानं कितीतरी वेळ चाचपत राहिली. हजारोंनी मला टोचलं होतं, धरलं कुणीच नव्हतं. शीर सापडल्यावर तिनं सुई घातली. लाल पाणी आलं.

"लागलं का?" तिनं हळूच विचारलं.

लागत नाही गं, असं म्हणायला मला एकदाच तोंड हवं होतं.