जेन्स नील्सनच्या दोन बायका

लमार ऑल्सेनला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक चुलतबहीण मिळाली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सॉल्ट लेक सिटीतल्या त्या मोठ्या लायब्ररीत पूर्वज शोधायला आलेल्या लोकांना मदत करायची, अशी चर्चची अठरा महिन्यांची सेवा तो करत होता. पांढरा शर्ट, टाय, छातीवर 'एल्डर ऑल्सेन' अशी काळी पाटी; सेवेतला पुरुष तो एल्डर, बाई ती सिस्टर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा मेलेल्या माणसांची नावं शोधलेली बरी, म्हणून तो आला होता. पण सोळाव्या महिन्यात आयडाहोहून आर्डिथ पामर नावाची विधवा बाई शेजारच्या टेबलावर बसायला लागल्यापासून त्याचं मेलेल्या माणसांवरचं लक्ष उडालं होतं.

बोलायची सोय नव्हती. अंगावर पाटी आहे तोवर असले विषय काढायचे नाहीत, हा नियम विधुरालाही लागू. लमार नियमाचा माणूस. सेवा संपायला दोन महिने उरले होते आणि मनात मांडे खायला नियमाची आडकाठी नव्हती.

अशात एका मंगळवारी, सकाळची प्रार्थना झाल्या झाल्या, सिस्टर वेल्डा बर्चने टाळ्या वाजवल्या. वेल्डा सकाळच्या पाळीची प्रमुख. तिला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"चला, सगळ्यांनी फोन काढा! बघू या, खोलीत कोण कुणाचं नातेवाईक आहे!"

इकडे हा खेळ कायमचाच. सगळ्यांचं मिळून एकच मोठं वंशाचं झाड, त्यात प्रत्येकाने आपापली माणसं जोडलेली. फोनला विचारलं की तो नातं सांगतो. युटात दहा माणसं जमली की चार नातेवाईक निघतातच.

"अगंबाई!" वेल्डा ओरडली. "एल्डर ऑल्सेन आणि सिस्टर पामर! पणजोबा एकच! डेन्मार्कचे जेन्स नील्सन! एक बायको इफ्रायमला, दुसरी बेअर लेकला, एकूण एकोणीस मुलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिथने चष्म्यावरून लमारकडे पाहिलं.

"काय हो, चुलतभाऊ? आधी नाही सांगितलंत!"

त्या एका शब्दाने लमार जिवंतपणी पुरला गेला. कायद्याने काही अडत नव्हतं, इतक्या लांबच्या नात्याला कुणी विचारत नाही. पण ज्या बाईने सगळ्यांदेखत भाऊ म्हटलं, तिला पुढे कुठल्या तोंडाने विचारणार? रागारागाने त्याने फोनवरून ते नातं सांगणारं अॅपच काढून टाकलं.

संध्याकाळी लायब्ररीतल्या संगणकावर त्याने पणजोबांचं पान उघडलं. दोन जेन्स नील्सन कुणीतरी एकत्र जोडलेले दिसत होते. एकच परगणा, एकच जन्मवर्ष. कुणी जोडले? पानावर नाव आणि तारीख होती. अकरा वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी, लमार ऑल्सेन.

त्याने कपाळाला हात लावला. आठवलं. जेवण अंगावर आलं होतं आणि उत्साहही. दुसऱ्या कुठल्या देशात माणसाने निदान विचार केला असता, की दोन गावांत दोनशे मैलांचं अंतर ठेवून एक माणूस दोन संसार कसे करेल? पण युटातल्या जुन्या माणसांना, तेव्हा चर्चचीच मुभा असल्याने, दोन बायका असणं लमारला इतकं घरचं होतं, की शंका शिवलीच नाही. उलट त्याला पणजोबांचं कौतुक वाटलं होतं.

आता एक बटण दाबलं की दोघे वेगळे झाले असते. बोट तिथवर गेलंही. पण सोळा महिने हाच माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होता, की पुरावा नसेल तर झाडाला हात लावू नका. आता स्वतःची गरज निघाली म्हणून लावायचा? त्याने पान बंद केलं. पुरावा हातात आल्याशिवाय ते उघडायचं नाही, असा कानाला खडा लावला.

मग रोज दुपारी तो डेन्मार्कच्या चर्चच्या जुन्या वह्या संगणकावर वाचायला लागला. अक्षर असं, की कोंबडीने बरं काढलं असतं.

"चुलतभाऊ, काय शोधताय एवढं?" आर्डिथ विचारायची.

"काही नाही. एक पणजोबा."

"आपलेच ना? माझा नमस्कार सांगा त्यांना."

जेवणाच्या खोलीत बायकांचं टेबल वेगळं, एकट्या पुरुषांचं खिडकीपाशी. नातं निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात आर्डिथने त्याचा डबा उचलून आपल्या समोर ठेवला. "नातेवाईक आहात, इथे बसा." चीज घातलेले ते बटाटे, ज्यांना इथे सगळे 'मयताचे बटाटे' म्हणतात, ती त्याला आग्रहाने वाढायची, आणि तो ते मयताला बसल्यासारखाच खायचा. वेल्डा जाता-येता म्हणायची, "किती गोड! भावंडं!" वेल्डाचं तोंड बंद करायला बटाटे पुरले नसते.

सेवेच्या शेवटच्या दिवशी अकरा वाजता पुरावा सापडला. एकाच रविवारी चर्चमध्ये दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा, विधी झालेल्या मुलांची यादी. चौथा, जेन्स नील्सन, लोहाराचा मुलगा. सातवा, जेन्स नील्सन, गुराख्याचा मुलगा. आया वेगळ्या, बाप वेगळे. लमारने हात वर केले. पूर्वज गमावून इतका आनंद झालेला माणूस त्या इमारतीने पाहिला नसेल.

त्याने पान उघडलं. पान तर आधीच दुरुस्त झालं होतं. लोहाराचा जेन्स इफ्रायमला, गुराख्याचा जेन्स बेअर लेकला, प्रत्येकाची एकेक बायको. हीच यादी पुरावा म्हणून जोडलेली. तारीख त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारची. करणाऱ्याचं नाव आर्डिथ पामर. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं: "दोन वेगळी माणसं. एकमेकांचे कुणीही लागत नाहीत."

तो उठला आणि तिच्या टेबलापाशी गेला. त्याला राग आला होता, हसूही येत होतं.

"सिस्टर पामर, तुम्हाला दोन महिने ठाऊक होतं?"

"दोन महिन्यांना पाच दिवस कमी."

"आणि तरी मला चुलतभाऊ म्हणत राहिलात! मी डोळे फोडून घेतले त्या वह्यांवर!"

आर्डिथने इकडेतिकडे पाहिलं. वेल्डा लांब होती. आर्डिथचा आवाज खाली आला.

"एल्डर ऑल्सेन, रोज एका परक्या विधुराचा डबा मी माझ्यासमोर ठेवला असता, तर वेल्डाने मला चार दिवस तरी टिकू दिलं असतं का? चुलतभावाबरोबर जेवलं तर कुणी काही बोलत नाही."

लमारने मागे वळून एकदा वेल्डाकडे पाहिलं.

"माझी सेवा तीन फेब्रुवारीला संपते," ती म्हणाली. "तोवर पाटी माझ्या अंगावर आहे. तोवर बहीणच."

तेवढ्यात वेल्डा कॅमेरा घेऊन धावत आली. "एल्डर ऑल्सेनचा निरोपाचा फोटो! भावंडांचा एक होऊन जाऊ दे!"

आयुष्यभर खोटं न बोललेला लमार ऑल्सेन टाय सरळ करून आर्डिथच्या शेजारी उभा राहिला.

"हो," तो म्हणाला, "भावंडांचा काढा."